बोटीनं आणलेलं पुण्य

पांढुर्ण्यात आमच्या गल्लीतल्या गुणवंतराव घागऱ्यांइतका लाजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लाजणारा म्हणजे नव्या नवरीसारखा नव्हे. चांगला धिप्पाड गडी, संत्र्याची अडत. बाजारात बोली सुरू झाली की आवाज थेट तिगावच्या फाटकापर्यंत जावा. पण कुणी म्हटलं, "भाऊ, तुमी पुन्यवान मानूस बापा," की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि ते टोपी काढून उगाच झटकायला लागायचे. ही टोपी झटकण्याची पाळी त्यांच्यावर वारंवार यायची, कारण सगळ्या गावाचं त्यांच्याविषयी तेच मत होतं. ते मत कसं झालं, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. माझ्याआधी आणखी पुष्कळांना सांगून पाहिलं होतं.

सुरुवात झाली एका कॅलेंडरपासून. मुंबईचा एक फळांचा व्यापारी त्यांना दर दिवाळीला कॅलेंडर पाठवायचा. एका वर्षी त्यावर बोट आली. निळं पाणी, पांढरी बोट, वर धुराची बारीक शेपटी. वर्ष संपलं, तारखा संपल्या, पण देवकाबाईंनी बोट भिंतीवरून उतरू दिली नाही. उलट चुलीसमोर आणून लावली. पोळी तव्यावर टाकायची आणि बोटीकडे पाहत बसायचं. त्या घरात दोन-तीन वर्षं सगळ्यांनी करपलेल्या पोळ्या खाल्ल्या.

"काऊन वं, काय दिसून राहिलं तुले थ्या बोटीत?" गुणवंतरावांनी एकदा विचारलं.

"काई नाई. तिच्यात लोकं बसत असतीन, नाई?"

"नाई तं काय संत्रे बसत असतीन?"

देवकाबाई बोटीकडेच पाहत राहिल्या. पोळी त्या दिवशी कोळसा झाली. गुणवंतरावांनी ती निमूट खाल्ली आणि मनात ठरवलं, हिला बोटीत बसवायचं.

एकुलती एक लेक सासरी गेली होती. चौऱ्याऐंशीचा जानेवारी होता. संत्र्याचा आंबिया बहार संपला होता, मृगाचा यायचा होता, अडत झोपली होती. मुंबईहून गोव्याला बोट जाते, वाटेत कोकणातल्या बंदरांना थांबते, मधे उतरून राहावं, पुढच्या बोटीनं पुढे जावं, एवढी माहिती व्यापाऱ्यानं कळवली. सगळं जमलं होतं. अडचण एकच, पारबता आत्या.

पारबता आत्या ही गुणवंतरावांच्या वडिलांची बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि आईविना पोरक्या गुणवंताला तिनं वाढवलं. घरात तिचाच शब्द चाले. शनिवारी जामसांवलीचा मारुती, बाकीचे दिवस देवघर. त्या घरात अंड्याचं नाव काढायचं तर अंगणात जाऊन काढावं लागे. आणि त्या काळात पांढुर्ण्याचा माणूस गाव सोडून जायचा तो लग्नाला, मयतीला, कोर्टात नाहीतर देवाला. नवरा-बायको नुसते फिरायला गेले, असं सांगितलं असतं तर आत्यानं वैद्य बोलावला असता.

"कुठी जाऊन राहिले?" आत्यानं विचारलं.

"गोव्याले."

"कोन्त्या देवाले?"

गुणवंतरावांच्या तोंडून निघून गेलं, "मंगेशीले. महादेवच हाय थो."

"आपला पचमढीचा महादेव काय वाईट हाय बापा, इतक्या दूर कायले?" असं आत्या म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरून आले. पोरगा बायकोला घेऊन आपणहून देवाला चालला होता. तिनं आपले सुजलेले गुडघे चोळत सांगितलं, "तुमी वापस आले का मी माह्या हातानं पाय धुईन तुमचे. थे तीर्थ पेली का हे गुडघे उतरतीन, पाहाजो तू."

आता मंगेशीला जायचं त्यांच्या मनात नव्हतं असं नाही. गोव्याला पोचल्यावर जाणारच होते. म्हणजे शब्द खरा होता, फक्त त्याच्यापुढे बोट उभी होती.

बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटली आणि गुणवंतराव आडवे झाले. देवकाबाई, ज्यांना बैलगाडीतही मळमळायचं, त्या डेकवर पदर खोचून कठड्याला धरून उभ्या. वारा खात होत्या, परक्या बायकांशी बोलत होत्या, मधूनच येऊन नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, उठा ना, पानीच पानी हाय!" पाण्याचं नाव काढलं की गुणवंतराव पुन्हा बादली जवळ ओढायचे.

विजयदुर्गला दोघं उतरले. बोट धक्क्याला लागत नसे. होड्या यायच्या आणि माणसं त्यांत उतरायची. गुणवंतराव होडीत मध्येच उभे राहिले, कारण बसून हुकूम देण्याची त्यांना सवय नव्हती, आणि तोल सावरताना दशम्या, ठेचा आणि तिळाच्या लाडवांची पिशवी समुद्राला अर्पण झाली. पांढुर्ण्याहून आणलेली शिदोरी तीच काय ती होती.

गावात एका बाईंच्या घरी राहण्याजेवण्याची सोय होती. भुकेनं दोघांचे चेहरे उतरलेले. बाईंनी न विचारता पानं मांडली. तांदळाची भाकरी, भात, गुलाबी रंगाची सोलकढी आणि रवा लावून तळलेल्या चांगल्या तळहाताएवढ्या गोल चकत्या. आता वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसाला ताटात गोल, तळलेलं, मऊ काही दिसलं, तर त्याला वांग्याशिवाय दुसरं काय आठवणार?

"पाहा ना, केवढ्या वांग्याचे काप केले," देवकाबाई खाता खाता म्हणाल्या. "आपल्या भरताच्या वांग्यापरीस मोठं हाय."

"वास येऊन राहिला जरा."

"समुद्राचं पानी देत असतीन वांग्याले."

हे गुणवंतरावांना पटलं. शेतीतला माणूस, पाण्यानं मालाची चव बदलते हे त्यांना ठाऊक होतं. दोघांनी काप संपवत आणले. मग देवकाबाईंच्या दाताखाली काही कडक आलं. त्यांनी बोटांनी काढून पाहिलं. "देठ हाय वाट्टे."

"काप मधून कापला, त्याच्यात देठ कसा येईन?"

वाढायला आलेल्या बाई तशाच थांबल्या. "वांगी? अगे बाय माझे, सुरमय ती!"

पुढचा प्रसंग गुणवंतराव सांगायचे तेव्हा त्यांची टोपी हातात असायची. जामसांवलीचा मारुती डोळ्यांपुढे आला, आत्या आली, घरातलं देवघर आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको ताटाकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, "उरलेलं आता टाकावं कसं? अन्न हाय." आणि तेही संपल्यावर आणखी हळू म्हणाली, "पुसा ना त्यायले, आखीन एक हाय का."

"पह्यला तुकडा चुकीनं गेला, भाऊ," गुणवंतराव मला सांगायचे. "त्याचं काई नाई. पन दुसरा मागून घेतला."

एका दिवसासाठी उतरलेली ही माणसं मग तिथंच राहिली. सकाळी किल्ल्यावर जायचं, तटावर बसायचं, खाली शिडाची तारवं मोजायची, दुपारी बाईंनी आज काय आणलं ते पाहायचं. बांगडा झाला, कोळंबी झाली, तिसऱ्या नावाचे शिंपलेही झाले. गावात रामेश्वराचं मोठं देऊळ होतं. पण मासे खाऊन देवळात कसं जायचं? आणि देवळात जायचंच नाही, तर मग मासे खायला हरकत काय? या चक्रात दिवस गेले. गोव्याकडे जाणारी पुढची बोट आली आणि गेली. हे दोघं तटावरून तिला हात हलवत होते. पन्नाशीचा नवरा आणि त्याची बायको, एकमेकांच्या शेजारी बसून, काही कारण नसताना हसत. मंगेशी तिथून कुठं आणि किती दूर, याची त्यांनी चौकशीही केली नाही. उलटी बोट आली तशी बसले आणि मुंबईला परतले.

नागपूरला गाडी बदलताना मात्र आत्या आठवली. प्रसाद कुठं होता? गुणवंतरावांनी स्टेशनबाहेरून बत्तासे घेतले, देवकाबाईंनी हळदीकुंकवाची पुडी. नरखेड गेलं, पांढुर्णा जवळ आलं, तशी देवकाबाईंनी ती पुडी पदरात घट्ट बांधली.

पांढुर्णा स्टेशनवर भजनी मंडळ उभं होतं. गुणवंतरावांनी मुंबईहून केलेली तार आत्यानं गावभर दाखवली होती. टाळ, मृदंग, हार, गुलाल. पुढे वामनराव, मंडळाचे म्होरके. सगळ्यांबरोबर वाजतगाजत दोघं दारापर्यंत आले. आणि दारात, ज्या बाईला देवघरातून उठायला माणूस लागायचा, ती आत्या परात घेऊन खाली बसलेली. तांब्यात ऊन पाणी.

आमच्याकडची ही रीतच. तीर्थाहून आलेल्याचे पाय धुवायचे, ते पाणी डोळ्यांना लावायचं, घोटभर प्यायचं. जाणाऱ्याचं अर्धं पुण्य धुणाऱ्याला मिळतं म्हणतात.

गुणवंतरावांनी पाय मागे घेतला. "आत्या, नोको."

"ठेव रे."

"आत्या, आमी लायक नाई वं त्याले."

"आयका!" वामनराव मागं वळून ओरडले. "याले म्हनते नम्रपना! चार धाम करनारे छाती फुगवून येते, अन् हे पाहा!"

गुणवंतरावांनी टोपी काढून झटकली. ते सरळ म्हणाले, "वामनराव, मी मासोया खाल्ल्या. मंगेशीले गेलोच नाई."

सगळी गल्ली पोट धरून हसली. गुणवंतराव बाजारात थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध होते, तेच आड आलं. तिगावचे नत्थूजी तर म्हणाले, "यायले आपलं पुन्य वाटाचं नाई, म्हनून बहाने करून राहिले. धरा रे पाय!" मंडळातल्या दोघा गड्यांनी गुणवंतरावांचे पाय धरून परातीत ठेवले. देवकाबाईंनी डोळे मिटून घेतले. आत्यानं आपल्या हातांनी दोघांचे पाय धुतले, पदरानं पुसले आणि ते पाणी ओंजळीत घेऊन प्याली. नंतर गल्लीतले सगळे वाकले. मीही वाकलो. बत्तासा मात्र नागपूरचा लागला, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती.

मावंदं झालं, म्हणजे यात्रा सुखरूप झाली म्हणून घालतात ती पंगत. गुणवंतराव वाढत फिरले, जेवले नाहीत. देवकाबाईंनी चुलीसमोरची बोट काढून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. आणि इकडे आत्या काठी न घेता चालायला लागली. खरंच. सकाळी अंगणात, दुपारी शेजारी, आणि भेटेल त्याला सांगायची, "गुनवंताच्या पायाचं तीर्थ पेली अन् गुडघे उतरले माहे."

गुणवंतरावांना हे सोसवेना. एका दुपारी आत्या अंगणात कापसाच्या फुलवाती करत बसली होती, तिथं जाऊन ते समोर बसले आणि सगळं सांगितलं. होडी, वांगं, देठ, बाई, सगळं. ही वेळ थट्टेची नाही हे तिनं चेहऱ्यावरून ओळखलं. तिची बोटं थांबली.

"देवकानंही?"

"हो."

"मागून घेतलं?"

"मागून."

आत्यानं हातातला कापूस बाजूला ठेवला. गुणवंतरावांना वाटलं, आता ही मारेल. लहानपणी मारायची तशी मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मले सांगितलं असतं का बोटीत बसाचं हाय, तं मी नाई म्हनली असती?"

"म्हनली असती तू."

"म्हनली असती," आत्यानं कबूल केलं. मग कापूस पुन्हा पिंजायला घेतला. "पन गुडघे उतरले ना माहे."

"आत्या, थे पानी नुसतं—"

"थे पानी मी पेली. तू नाई पेला. अन् मी साऱ्या गावाले सांगून बसली. आता तू खोटा बोलला थो बोलला, मले खोटी पाडू नोको."

तेवढ्यात फाटक वाजलं. नत्थूजींची सून माहेरपणाला निघाली होती. तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन ती वाकली. "भाऊ, प्रवास हाय, पोराच्या डोक्शावर हात ठेवा. अन् पाय द्या, पानी आनलं मी."

गुणवंतरावांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं वातीवरून नजर काढली नाही.

"दे ना पाय," ती म्हणाली. "बाई उभी हाय कवाची."

त्यांनी पाय पुढे केले. पाणी ऊन होतं. टोपी झटकायलासुद्धा हात रिकामे नव्हते, कारण एक त्या पोराच्या डोक्यावर होता आणि दुसरा आत्यानं धरून ठेवला होता, ते उठून पळू नयेत म्हणून.