लिंबाच्या वासाची बस

काल खोपोलीहून येताना टॅक्सीत आरशाला टांगलेल्या सुगंधी वडीचा लिंबाचा वास आला आणि मी नाकाला पदर लावला. बाळांनो, आमच्या स्वित्झर्लंडच्या बसला हाच वास होता, त्यात कुणाच्या तरी सांडलेल्या लोणच्याची आणि ओल्या मोज्यांची भर. तुमच्या आजोबांना तिथे गाडी भाड्याने घ्यायची होती. "अगं, बोरघाटात तीस वर्षं चालवलीय मी." "तिथे उजव्या बाजूने चालवतात. मला सगळं ठरलेलं हवं," म्हणत मी गाईडची सहल घेतली. गाईड सारखी आमची डोकी मोजायचा. तळ्याकाठी दहा मिनिटं, घड्याळांच्या दुकानात दीड तास. पुढच्या सीटवरचे गृहस्थ नखं कापून खाली टाकत होते. किळस येऊन मी मान वळवली, तर घाटाच्या प्रत्येक वळणावर शेजारी बसलेले आजोबा उजव्या पायाने, तिथे नसलेला ब्रेक दाबत होते. "काय हो?" "काही नाही गं, सवय." घरी येऊन बॅग उपसताना त्यांचा परदेशात गाडी चालवायचा परवाना निघाला, मला न सांगता काढलेला. पुन्हा जाणं झालं नाही, आणि आता ते नाहीत. काल टॅक्सीची काच खाली केल्यावर वास गेला. माझ्या त्या हट्टाची किळस तेवढी गेली नाही.