कबड्डीचे सर फुटबॉलला

आमच्या सरांइतका निराश माणूस अख्ख्या परळमध्ये दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका वेळेवर येणाराही नसेल. सकाळी मी कॉलेजच्या मैदानाचं फाटक उघडायच्या आधीच ते बाहेर उभे असत. बगलेत छत्री, कपाळाला आठी, आणि मला बघितलं की "आज काय खरं नाही रे बाबा" हाच त्यांचा नमस्कार. ऊन असलं तर पोरं दमणार, ढग असले तर चिखल होणार. हवा नुसतीच छान असली तर मात्र ते फारच अस्वस्थ होत. "एवढी चांगली हवा? काहीतरी होणार." मी किनवटकडचा. आठवीतच शाळा सोडली, आणि बऱ्याच वर्षांनी फिरत फिरत या मैदानाची देखभाल करायला मुंबईत आलो. चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळ्या बांधायच्या, फुटबॉलात हवा भरायची. स्वभावानं मी घाबरट. कुणी नुसतं नावानं हाक मारली तरी नोकरी गेली असं वाटतं. अशा माणसाला धीर देणारे पुष्कळ भेटतात. पण आपल्याहून जास्त घाबरलेला माणूस शेजारी उभा असला की जो आधार वाटतो, तो मला सरांनी दिला.

खरं तर सरांचा आणि फुटबॉलचा काडीचा संबंध नव्हता. ते कबड्डीचे. लालबागच्या गल्ल्यांत लहानपणापासून मातीत लोळलेले, दोन्ही गुडघ्यांचा पार चुरा झालेला. आमच्या कॉलेजात कबड्डीला पोरं मिळेनाशी झाली आणि ती टीम बंद पडली. त्याच सुमारास फुटबॉलचे कोच चांगली नोकरी मिळाली म्हणून ऐन सीझनच्या तोंडावर निघून गेले. जिमखाना सांभाळणाऱ्या मॅडमनी सरांना बोलावून सांगितलं, "सर, खेळ तो खेळ. तुम्हीच बघा आता. पण पहिल्या तीन मॅचमध्ये एक तरी जिंका. नाहीतर मला वरून लायसनवाला कोच आणायला सांगतील, आणि मग तुमच्यासाठी इथे काही उरत नाही." सर बाहेर आले ते माझ्याजवळच्या रोलरवर बसले. "फुटबॉलमध्ये पण पायच असतात ना?" म्हणाले. मी हो म्हटलं. "मग बघू. हरू, पण शिस्तीत हरू."

त्यांचं घर अँटॉप हिलला, बायकोच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मला मुंबईत कुणी नाही हे कळल्यापासून दर रविवारी ते मला जेवायला घेऊन जात. तेही आनंदानं नव्हे. "चल, घरी बसून तरी काय करणार तू, नुसता विचार करत बसशील," असं म्हणत. आमच्याकडे समुद्र नाही, मासे खायची सवय नाही. पहिल्या रविवारी बांगड्याचा काटा माझ्या घशात अडकला तेव्हा सर माझ्यापेक्षा जास्त पांढरे पडले. त्यानंतर प्रत्येक रविवारी ते माझ्या ताटातला मासा स्वतःकडे ओढत, काटे वेगळे करून परत सरकवत, आणि हे सगळं टीव्हीकडे बघत. वहिनी हसायच्या. "ह्यांनी स्वतःच्या झिलाच्या ताटातले काटे कधी काढूक नाय हो!" झील म्हणजे मुलगा, हे कळल्यापासून मला मान वर करून बघता यायचं नाही.

तर सरांनी फुटबॉल शिकवायला घेतला तो असा. फोनवर मोठमोठ्या सामन्यांचे व्हिडिओ लावायचे आणि त्यात फक्त बचाव करणाऱ्यांचे पाय बघायचे. गोल झाला की व्हिडिओ बंद. पोरांना ते "अटॅक" म्हणायचे नाहीत, "चढाई" म्हणायचे. कॉर्नर मिळाला की बाजूनं ओरडायचे, "बोनस घे रे, बोनस!" दम वाढावा म्हणून सगळ्या टीमला एका श्वासात "कबड्डी कबड्डी" म्हणत मैदान पार करायला लावायचे. समोरच्या टॉवरमधली माणसं बाल्कनीत येऊन शूटिंग करायची. पोरं लाजायची, कुरकुरायची. आमचा कॅप्टन साहिल, माहीमचा, बचावाच्या मधोमध खेळणारा दांडगा पोरगा, एकदा म्हणाला, "सर, लोक हसतायत." सर म्हणाले, "हसू दे रे. निदान कुणीतरी खुश आहे." पण महिनाभरात साहिलला कबड्डीची गोडी लागली. सराव संपला की तो सरांकडून पकडी शिकायचा. घोट्याची पकड, कमरेची पकड, हातात हात घालून साखळी. सरांचा चेहरा तेवढ्या वेळापुरता उजळायचा, आणि ते बघून मला उगाच भीती वाटायची.

भीती खरी ठरली पहिल्याच मॅचला. शेवटपर्यंत गोल नव्हता. मग त्यांचा एक चपळ पोरगा बॉल घेऊन सगळ्यांना चुकवत थेट आमच्या गोलसमोर घुसला. आणि साहिलनं, काही विचार न करता, खाली झेपावून त्याचा घोटा धरला. नुसता धरला नाही. बचावातल्या उरलेल्या तिघांनी हातात हात घालून साखळी केली आणि वरून झाकण घातलं. अशी देखणी पकड लालबागमध्येही वर्षातून एखादीच होत असेल. सगळं मैदान गप्प झालं. त्या शांततेत एकच माणूस छत्री टाकून टाळ्या वाजवत होता. "शाब्बास! सोडू नको! मधल्या रेघेला हात लागू देऊ नको!" रेफरीनं साहिलला लाल कार्ड दाखवलं आणि त्यांना पेनल्टी दिली. सरांच्या टाळ्या हळूहळू थांबल्या, चालता चालता पंखा बंद पडावा तशा. आम्ही एका गोलनं हरलो. मॅडम खुर्चीवरून उठून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर पिशवीभर लिंबं घेऊन आले. प्रत्येकाच्या दोन्ही मुठींत एकेक लिंबू. "हे पडलं नाही पाहिजे. हात मोकळे राहिले की पकड होते." आठवडाभर पोरं लिंबं घेऊन धावली. टॉवरमध्ये बातमी पसरली की कॉलेजचे कोच पहाटे पोरांवर करणी करतात, तिथला वॉचमन मला बाजूला घेऊन विचारून गेला, "दादा, कुणावर टाकतायत रे?" मी म्हटलं, स्वतःवरच. आणि झालंही तसंच. सरांनी टीममध्ये लाडका-दोडका नको म्हणून गोलकीपरलाही लिंबं दिली होती. माझ्या ते लक्षात आलं नाही, सरांच्याही नाही, गोलकीपरच्या तर नाहीच. दुसऱ्या मॅचला बॉल त्याच्याकडे आला की त्याच्या मुठी आपोआप मिटायच्या. तीन गोल झाले. तिसरा गोल खाल्ल्यावर त्यानं सरांकडे असं बघितलं की सरांनी तोंडावर छत्री धरली. परतताना एवढंच म्हणाले, "त्याची चूक नाही. पोरगं सांगितलेलं ऐकतं."

आता एकच मॅच उरली. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. सर गेले तर रविवार गेला, सकाळचं ते "काय खरं नाही" गेलं, एवढंच डोक्यात. सर मात्र शांत होते. एका मॅचची बंदी भोगून परतलेल्या साहिलला त्यांनी मॅचच्या आधी एकच सांगितलं, "काही झालं तरी हात लावायचा नाही. काही म्हणजे काही."

आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, आमच्या पोरांनी अर्ध्या वेळेआधीच एक गोल मारला. कॉर्नरवरून. "बोनस!" म्हणून ओरडायलाही सर विसरले. आम्ही पुढे होतो, आणि पुढेच राहिलो, अगदी शेवटच्या काही क्षणांपर्यंत. मग त्यांचा एक जण एकटा सुटला. मैदानाचा मध्य नुकताच ओलांडला होता, आमच्या गोलपासून बराच लांब, आणि त्याच्या मागे फक्त साहिल, हाताच्या अंतरावर. बाजूला उभ्या असलेल्या मॅडमसुद्धा ओरडल्या, "अरे, धर त्याला!" तिथे जर्सी ओढली असती तर पेनल्टीही नव्हती. साहिलला पुन्हा कार्ड मिळालं असतं, पण मॅच आमची होती, सरांची नोकरी राहिली असती. साहिलचा हात पुढे गेला. मी बघितला. बोटं उघडली होती. मग त्यानं हात मागे घेतला आणि नुसता धावत राहिला.

बरोबरी झाली. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे, हे मॅडमनी फार सभ्यपणे सांगितलं.

साहिल गोलच्या जाळीला डोकं टेकून रडत होता. सर त्याच्यापाशी गेले. तो म्हणाला, "सर, धरला असता तर तुम्ही राहिला असता." सर म्हणाले, "गप रव रे. बायको ऐकत नाही, झील ऐकत नाही, गुडघे ऐकत नाहीत. तू ऐकलंस. आता रडून ते घालवतोस कशाला?" आणि त्याच्या पाठीवर एक जोरात थाप मारली.

संध्याकाळी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. आभार कसे मानायचे ते दिवसभर मनात जुळवत होतो, पण तोंडातून निघालं ते, "सर, पाणी देऊ का?" ते नको म्हणाले. बाहेर पाऊल टाकून मग मागे वळले.

"सोमवारी नवा माणूस येईल. त्याच्याकडे जरा लक्ष ठेव. नव्या जागी सुरुवातीला काही सुचत नाही रे. जेवला का, एवढं विचारत जा."

नवे कोच तरुण आहेत, हुशार आहेत, टीम आता जिंकायलाही लागली आहे. डबा ते गाडीत बसून एकटेच खातात. मी रोज काचेवर टकटक करतो आणि विचारतो.