उलटा धडा

नववीच्या पोरांसाठी मी समीकरणांचा अख्खा धडा उलटा रेकॉर्ड केला. व्हाइटबोर्डच्या मार्करचं टोपण काढलं, की त्या वासासरशी ती दुपार अजून आठवते. वार्षिक परीक्षा उद्यावर आलेली, सोलापूरच्या उन्हामुळे शाळा लवकर सुटलेली. म्हणून घरीच पंखा बंद करून, घाम पुसत मोबाईलसमोर शिकवलं. आपण कसे दिसतोय ते बघता यावं म्हणून सेल्फी कॅमेरा लावला आणि व्हिडिओ पोरांच्या ग्रुपवर टाकून ऐटीत चहा प्यायलो. संध्याकाळी शाळेतल्या एका बाईंचा फोन आला, "अहो सर, फळ्यावरचं सगळं उलटं दिसतंय की!" नवा व्हिडिओ टाकावा, तर नेट बंद. पोरांचे मार्क मीच बुडवले, म्हणून जेवणही गेलं नाही. पण पेपर तपासले, तर समीकरणं जवळजवळ सगळ्यांची बरोबर! इतकं हायसं मला स्वतःच्या निकालालाही वाटलं नव्हतं. पोरांनी मोबाईल आरशासमोर धरून धडा पाहिला होता. निकालाला आलेल्या एका आईला मी हे कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमचं काम हुतं व्हय ते? अभ्यास सोडून आरशात बघतंय म्हणून पोराला चार धपाटे घातले की मी. ते खरं तर तुमाला पायजे हुते, सर."