कापलेला समास

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी दिवाणखान्यातल्या काळ्या-पांढऱ्या चित्राबद्दल विचारलंत: कुणी काढलं, आणि त्यावर सही का नाही. मी विषय बदलला. आता नीट लिहिते.

ते एचिंग आहे. तांब्याच्या पत्र्यावर अ‍ॅसिडने रेषा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि कागदावर दाबून छाप घ्यायचा. ते माझ्या नणंदेनं, तुमच्या आत्याआजीनं केलं. मांजरी गावच्या एका गुऱ्हाळावर ती कित्येक रविवार वही घेऊन बसत असे. चित्रात नदीकाठ आहे, वाऱ्यानं वाकलेला ऊस आहे आणि मध्ये, धुरात, काहिलीतला उकळता रस ढवळणारी चार माणसं. एक बाई डोक्यावर चिपाडं घेऊन भट्टीकडे येते आहे.

पहिला छाप तिनं मला दिला. घरात एक फ्रेम पडून होती, ती लहान पडली. मी पट्टी लावून चारही बाजूंचा कोरा कागद सरळ कापला. खाली पेन्सिलीनं बारीक काहीतरी होतं. वाटलं, मापं असतील. अशा छापावर सही खालच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं करतात, हे मला ठाऊक नव्हतं. समास सोडला नाही म्हणून मुलांच्या वह्या परत करणारी इंग्रजीची शिक्षिका मी. तुकडे केरात गेले.

पुढच्या आठवड्यात ती आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"वहिनी, खाली मी तुमच्यासाठी लिहिलं होतं. वाचलंत?"

"वाचलं की."

"मग?"

"छान लिहिलंयस."

"बाईंनी पास केलं म्हणायचं," ती म्हणाली आणि हसली.

नंतर तिनं पुष्कळ चित्रं केली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिली. मला एकही नाही. का, ते मी विचारलं नाही.

तुमच्या कॉलनंतर मी तिला बिबवेवाडीला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं.

"मला तेव्हाच दिसलं होतं," ती म्हणाली. "चित्र फ्रेमला भिडलेलं, खाली बोटभर कागद नाही. म्हणून तर विचारलं. कापलं म्हणाला असतात तर तिथेच पुन्हा लिहून दिलं असतं. दुसरा छाप पिशवीत होता माझ्या."

"काय लिहिलं होतंस? आता तरी सांग."

"आता नको, वहिनी. ते तेव्हाच्या तुम्हाला लिहिलं होतं."

मग तिनं तुमच्या परीक्षांची चौकशी केली.