शेखभाईंच्या भिंतीवरची दोन विमानं

उमरखेडकर मित्रांनो, वाचनालयाच्या या फळ्यावर मी रोज पाकिस्तानशी चाललेल्या युद्धाच्या बातम्या लिहितो. आज आपल्याच बाजारातली लिहितो.

फोटो स्टुडिओवाले शेखभाई मागच्या महायुद्धात हवाई दलात विमानं दुरुस्त करणारे फिटर होते. विमानाशेजारी उभे असलेले त्यांचे दोन फोटो दुकानात आहेत. एका विमानाच्या पंख्याला तीन पाती, दुसऱ्याच्या पंख्याला चार.

दुपारी जमाव दुकानात घुसला. "एक आपलं, एक पाकिस्तानचं! दोघायची चाकरी केली काय बे?" काचा फुटल्या. शेखभाईंच्या तोंडावर काठी बसली.

मी आडवा आलो. "अरे, दोन्ही इंग्रजांची स्पिटफायर विमानंच आहेत! जुन्याले तीन पाती, नव्याले चार. तवा पाकिस्तान होतं तरी कुठं?"

"भाषण कायले देता भाऊ? बाजूले व्हा!"

पुढचा दगड माझ्या कपाळावर बसला. माझं रक्त पाहून ते पांगले. शेखभाईंचं तर केव्हाचं वाहत होतं.

आता शेखभाईंनी दोन्ही फोटो उतरवले आहेत. उद्या सकाळी ते पुन्हा टांगायला मी जाणार. दगड मारणाऱ्यांनो, तुम्हीही हा फळा वाचता. खिळा ठोकायला कोण येतं?