श्रद्धांजलीच्या फोटोत तीनदा आलेला चेहरा

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर आहे. कोण भुताखेतांचं सांगायला लागला की मी सरळ म्हणायचो, "गप की, चहा पी." पण गेल्या थंडीत जे झालं ते तोंडानं कुणाला सांगता येईना, म्हणून इथं लिहितोय.

मला मोबाइलवर फोटो काढायचा नाद. धुक्यातला रंकाळा, चहाची टपरी, थंडीनं आखडून बसलेली कुत्री... दिसेल ते काढायचं, उजेड वाढवायचा, मधे आलेली वायर पुसायची आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ' म्हणून टाकायचं. त्यामुळं नात्यात कुणी गेलं की श्रद्धांजलीचा फोटो मीच करायचा, हे ठरूनच गेलेलं.

माझं आजोळ नेसरी. दोन मामा. डिसेंबरात गेलतो तेव्हा दोघं सकाळी शेकोटीला बसलेले — कानटोप्या, हातात चहा. थोरले माझ्याकडं बघून हसतायत, धाकटे खाली जाळाकडं बघतायत. असा एकच फोटो काढला. पुढं पंधरा दिवसांत थोरल्यांना दम्यानं गडहिंग्लजला दवाखान्यात ठेवलं. धाकटे एकदम ठणठणीत, रोज त्यांना डबा घेऊन जायचे.

मग एका रविवारी सकाळी ग्रुपवर धडाधड हात जोडलेली चित्रं यायला लागली. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'देव आत्म्यास शांती देवो.' नाव कुणीच लिहिलेलं नाही! आपल्यात असंच असतं की — एकानं टाकलं, म्हणून बाकीच्यांनी टाकायचं. धाकट्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या मामेभावाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. पण विचारायचं तरी काय होतं? दवाखान्यात थोरलेच होते. रडू आलं, आणि तसाच फोटो करायला बसलो.

शेकोटीचा फोटो उघडला. धाकट्यांना कापलं, थोरल्यांचा चेहरा उजळला, मागचा गोठा पुसला, हार लावला, सेव्ह केलं. बघतो तर — धाकटे मामा! म्हटलं घाईत चुकलं. परत केलं. परत धाकटे. तिसऱ्यांदा बायकोला शेजारी बसवलं. ती म्हणाली, "अहो, थोरल्यांचाच घेतलाय की तुम्ही." सेव्ह केलं... धाकटे. मूळ फोटोत ते खाली बघतायत, आणि इथं सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते. बायको उठून देवापुढं दिवा लावायला गेली.

मला मात्र रागच आला. काय कटकट आहे म्हणून मोबाइल बंद करून चालू केला, चौथ्यांदा केलं. थोरले आले. लगेच ग्रुपवर टाकला.

दोन मिनिटांत मामेभावाचा फोन. नुसता ओरडत होता. "डोस्कं फिरलंय काय रं तुझं? थोरलं न्हवं, माझा बाप गेला! उसाला पाणी पाजायला गेलता, बांधावरच पडला. थोरलं बी ग्रुपवर हाईत, त्यास्नी कळू नये म्हणून नाव टाकू नगा असं एकेकाला फोन करून सांगितलं, तुझाच ऱ्हायला. काढ पयला त्यो फोटू!"

ग्रुपवरनं फोटो काढून टाकला. तेवढ्यात थोरल्या मामांचा फोन आला.

"काय रं, जित्तेपणी मारलास व्हय मला?" दम लागत होता, तरी हसत होते. "फोटू मातूर झ्याक हाय. धाकट्याला दाखव जा. आन् कुटं हाय त्यो? डबा घिऊन आला न्हाय अजून."

मी म्हटलं, "येतील, मामा."

पुढं ते तीन फोटो मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवले. "सॉफ्टवेअरची गडबड असंल, पावणं," म्हणाला. असेल. पण त्या सकाळी कोण गेलंय हे गडबडीला कसं कळलं? आणि धाकट्यांची ती नजर कुठल्या फोटोतनं आली? मी तर तसा फोटो कधी काढलाच नव्हता. वर्ष होत आलं, अजून काही उलगडत नाही.

थोरले मामा बरे होऊन घरी आले. त्यांना हे तीन फोटो मी दाखवलेले नाहीत. भेटायला गेलो की ते माझ्याकडं न बघता एवढंच म्हणतात, "तवाच सांगायचं हुतंस रं. सलाइन काढून मातीला तरी आलो असतो."