हद्दीवरचा नारळ

दिंडोशीच्या मालन राणेला बंद दार दिसलं की चैन पडत नाही. मुलगा सौरभ जंगलात तग धरायचा ऑनलाइन गेम खेळायचा; त्याचं बघून तीही खेळू लागली. तिथंही तिला शिकारीत रस नव्हता. कोपऱ्यात खाली बसून उडी मारली की गेम चुकतो आणि आपण भिंतीतून आरपार जातो, हे तिनंच हुडकलं.

पण गेममधल्या बंद डोंगरात असं घुसण्याआधी तिनं आपल्या खेळाडूच्या झोळीतला शेवटचा नारळ भिंतीशी ठेवला.

"आई, खायला तोच होता ना! वाट लागली!"

"गप रे! हद्दीवरच्या राखणदार देवाला नारळ दिल्याशिवाय आपल्या गावाकडं कुणी हद्द ओलांडतं काय?"

ती आत शिरली. आत नुसती ओसाड जमीन, समोर आणखी एक भिंत आणि भिंतीशी कुणीतरी ठेवलेला नारळ.

"बघ," मालन हरखली, "आपलंच माणूस पुढं गेलंय."